कॅडमध्ये रेघा काढायच्या कमी, हलवायच्या जास्त

ट्रेसिंग पेपरवर शाईने मारलेली रेघ चुकली की आम्ही दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायचो. कागद ताणून धरायचा, ब्लेडच्या कोपऱ्याने शाई हलक्या हाताने खरवडायची, वर खोडरबर फिरवायचा आणि मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची. नाहीतर नवी शाई तिथे फुटायची. एक भिंत सहा इंच सरकवायची म्हणजे अर्धा दिवस गेलाच. एकाच जागी तिसऱ्यांदा ब्लेड चाललं तर कागदाला भोक, आणि मग सगळं ड्रॉइंग नव्याने.

आता मी पुण्याजवळ भोसरीत एका फॅब्रिकेशनच्या (लोखंडी प्लेटा कापून-जोडून वस्तू बनवायच्या) शेडमध्ये ड्रॉइंगचं टेबल सांभाळतो. दरवर्षी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स करून एखाददुसरा मुलगा किंवा मुलगी येते. रेघ, वर्तुळ, चौकोन झटपट काढतात. पण वरून निरोप आला की ‘प्लेट चाळीसने लांब करा’, की बरेच जण सगळं डिलीट मारून पुन्हा पहिल्यापासून काढायला बसतात. कधी ब्लेड हातात न धरलेली ही पोरं, पण काम ब्लेडच्या काळातलं. त्यांना जे टेबलाशी उभं राहून सांगतो, तेच इथे लिहितोय. मी ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतोय, कारण माझा हात त्यावर बसलाय. लिब्रेकॅडसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावं, बटणं थोडी इकडेतिकडे होतील, डोकं तेच लागतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. स्क्रीनवर दिसते ती रेघ, पण फाइलमध्ये असतात आकडे. एक टोक 0,0 वर, दुसरं 200,0 वर, एवढंच संगणकाला माहीत असतं. रेघ 50 ने उजवीकडे सरकवली म्हणजे दोन्ही टोकांच्या पहिल्या आकड्यात 50 मिळवले. दुप्पट केली म्हणजे गुणिले दोन. उभ्या आसाभोवती आरसा धरला म्हणजे अधिकचं उणं झालं. वर्तुळ तर आणखी सोपं: एक केंद्र, एक त्रिज्या. मूव्ह केलं की फक्त केंद्र बदलतं, स्केल केलं की त्रिज्याही. इव्हान सदरलँड यांनी 1963 साली अमेरिकेतल्या एमआयटीत ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम करून दाखवला. पडद्यावर लाइट पेन टेकवून आकृती काढायची, आणि मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. ऑटोकॅड बाजारात आलं डिसेंबर 1982 मध्ये. तेव्हापासून यंत्रं कुठल्या कुठे गेली, मूळ कल्पना मात्र हीच राहिली: चित्र म्हणजे आकड्यांची यादी, दुरुस्ती म्हणजे त्या यादीत बदल.

याचा फायदा उघड आहे, कागदाला भोक पडत नाही. तोटा लवकर कळत नाही. कागदावर दोन रेघा कोपऱ्यात ‘जवळपास’ मिळाल्या तरी चालायचं, शाईची जाडीच ती फट बुजवायची. आकड्यांना जवळपास कळत नाही. स्क्रीनवर चिकटलेली दिसणारी दोन टोकं 0.03 मिलिमीटरने लांब असतील, तर ती लांबच. म्हणून एडिटिंग करताना एफ3 दाबून ऑब्जेक्ट स्नॅप चालू ठेवा, म्हणजे क्लिक नेमकं टोकावर, मध्यावर, केंद्रावर बसतं. रेघ सरळ आडवी किंवा उभीच न्यायची असेल तर एफ8, ऑर्थो. या दोन बटणांशिवाय माझ्या टेबलावर कुणी मूव्ह मारला तर मी ओरडतो.

सगळ्या कमांड वेगवेगळ्या पाठ करू नका. घरातलं कपाट हलवताना दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस तीनच गोष्टी विचारतो ना? कुठलं कपाट, धरू कुठे, ठेवू कुठे. मूव्ह, कॉपी, रोटेट, स्केल, स्ट्रेच, सगळ्या हेच विचारतात. ‘सिलेक्ट ऑब्जेक्ट्स’ म्हणजे कुठलं. ‘बेस पॉइंट’ म्हणजे धरू कुठे. शेवटचं क्लिक किंवा आकडा म्हणजे ठेवू कुठे, किंवा किती. मध्ये एक एंटर मारायचा असतो, ‘निवडून झालं’ असं सांगायला. तो एंटर न मारता नवीन मुलं क्लिक करत राहतात आणि म्हणतात, सर, हँग झालंय.

निवडण्यात एक गंमत आहे. माउसने खिडकी डावीकडून उजवीकडे ओढली तर ती निळी येते, आणि जे पूर्ण आत आलं तेवढंच धरते. उजवीकडून डावीकडे ओढली तर हिरवी, तुटक कडेची, आणि तिला जे जे नुसतं शिवलं ते सगळं धरते. चुकून एखादी जास्तीची रेघ निवडली गेली तर एस्केप मारून पुन्हा सुरुवात करायची गरज नाही. शिफ्ट दाबून तिच्यावर क्लिक करा, सुटते.

आणि बेस पॉइंट. खरं कसब इथे आहे. नवशिका माणूस तो कुठेही रिकाम्या जागेत क्लिक करून देतो आणि मग वस्तू डोळ्याच्या अंदाजाने नेऊन ठेवतो. दरवाजा भिंतीत बसवायचाय ना? मग तो बिजागरीच्या कोपऱ्यात धरा आणि भिंतीच्या कोपऱ्यावर सोडा. होल प्लेटवर न्यायचंय, तर त्याचं केंद्र धरा. वस्तू उचलण्याआधी ती कुठे टेकणार आहे याचा विचार केला की बेस पॉइंट आपोआप सुचतो.

आता एक प्लेट काढू. मोटर बसवायची बेस प्लेट, सगळी मापं मिलिमीटरमध्ये: 200 बाय 150, चार कोपऱ्यांत 12 ची होलं, प्रत्येक होल दोन्ही कडांपासून 20 वर. मध्ये 80 चा बोअर, म्हणजे मोठं गोल भोक. बोअरभोवती 110 च्या पीसीडीवर (होलांची केंद्रं ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) 9 ची सहा होलं, एम8 बोल्टसाठी. बाहेरचे कोपरे 10 रेडियसने गोल.

रेक्टँगल काढला. आता कोपऱ्यातल्या होलांची केंद्रं मोजत बसू नका. ऑफसेट, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर प्रत, घ्या, 20 टाइप करा, रेक्टँगलवर क्लिक, आतल्या बाजूला क्लिक. आत 160 बाय 110 चा दुसरा रेक्टँगल आला, त्याचे चार कोपरे हीच चार केंद्रं. इथे एक खोच आहे. रेक्टँगल टूलने काढलेला चौकोन ही एकच सलग पॉलिलाइन असते, म्हणून ऑफसेट सगळ्या बाजूंनी एकदम जातो. तोच चौकोन चार सुट्या रेघांनी काढला असता तर चार वेळा ऑफसेट आणि मग कोपऱ्यात एकमेकींना ओलांडून गेलेल्या रेघा छाटत बसा.

एका कोपऱ्यावर 12 व्यासाचं वर्तुळ. कॉपी, केंद्रात धरायचं, उरलेल्या तीन कोपऱ्यांवर एकेक क्लिक. कॉपी कमांड एका प्रतीवर थांबत नाही, तुम्ही एंटर मारेपर्यंत प्रती देत राहते. काम झालं की आतला रेक्टँगल पुसून टाका. तो बांधकामाच्या परांचीसारखा, इमारत उभी राहिली की उतरवायचा.

पीसीडीसाठी पोलर ॲरे, म्हणजे एका केंद्राभोवती सारख्या अंतरावर प्रती. एक 9 चं होल बोअरच्या केंद्रापासून 55 वर काढा, ॲरेचं केंद्र म्हणून बोअरचं केंद्र दाखवा, संख्या सहा. साठ-साठ अंशांवर होलं आली. ॲरे असोसिएटिव्ह, म्हणजे सगळ्या प्रती एकत्र जोडलेल्या, ठेवला असेल तर उद्या कुणी आठ होलं मागितली तरी फक्त संख्या बदलायची, 45 अंश ते स्वतः करून घेतं. शेवटी फिलेट: रेडियस 10, मग ‘पी’ म्हणजे पॉलिलाइन हा पर्याय, आणि बाहेरच्या चौकोनावर एकच क्लिक. चारही कोपरे गोल. कोपरे तिरके छाटायचे असतील तर याच्याच शेजारी चॅम्फर आहे, त्याला रेडियसऐवजी अंतरं द्यायची.

आता तो निरोप येतो. मोटर बदलली, प्लेट 240 लांब हवी.

हे काम स्ट्रेचचं. स्ट्रेच समजायला वेळ लागतो, कारण ती वस्तूला हात लावत नाही, टोकांना लावते. हिरवी खिडकी ओढायची, उजवीकडून डावीकडे. जी टोकं खिडकीच्या आत आली ती सरकतात, बाहेर राहिलेली जागेवर थांबतात, आणि मधली रेघ रबरासारखी ताणली जाते. वर्तुळ ताणलं जात नाही. त्याचं केंद्र खिडकीत असेल तर ते अख्खं सरकतं. तेव्हा आपल्या प्लेटवर खिडकी कुठवर ओढायची? उजवी कड डाव्या कडेपासून 200 वर आहे, उजव्या कोपऱ्यातल्या होलांची केंद्रं 180 वर. पण पीसीडीवरचं उजवीकडचं होल 155 वर आहे. खिडकी 165 च्या आसपास थांबवली तर ते वाचलं. जरा जास्त डावीकडे ओढली आणि होलं सुटी असली, तर ते एकटंच चाळीसने पळून जाईल आणि तुमच्या गोल साखळीतून एक मणी निसटेल. खिडकी नीट ओढली, बेस पॉइंट कुठलाही घेतला (इथे खरंच चालतो, कारण अंतर आपण टाइप करणार आहोत), ऑर्थो चालू, उजवीकडे माउस, 40, एंटर. प्लेट 240 ची झाली. कोपऱ्यातली होलं कडेपासून 20 वरच राहिली. डायमेन्शनची (ड्रॉइंगवर दाखवलेल्या मापाची) टोकंही खिडकीत घेतली असतील तर 200 चा आकडा आपणहून 240 झाला.

आणि बोअर चुकीच्या जागी राहिला.

हे माझ्याच हातून झालंय. प्लेट चाळीसने वाढली म्हणजे तिचा मध्य वीसने सरकला. बोअर आणि त्याच्याभोवतीची सहा होलं 20 ने उजवीकडे मूव्ह करायला हवी होती. मी स्ट्रेच मारला, 240 वाचलं आणि फाइल कापायला पाठवली. तपासणाऱ्यालाही दिसलं नाही, त्याचं कारण साधं आहे. बोअरचं डायमेन्शन डाव्या कडेपासून दिलेलं होतं, 100. स्ट्रेचच्या आधीही 100, नंतरही 100. आकडा सुबक, रेघा सुबक. उजवीकडून किती ते ड्रॉइंगवर कुठेच नव्हतं, कारण एकच माप दोन्हीकडून द्यायचं नाही हा आमचा जुना शिरस्ता. बारा प्लेटा कापून आल्या, पहिलीवर मोटर ठेवली आणि फिटर म्हणाला, ‘ही अशी तिरकी का बसली हो?’ तिरकी नव्हती, वीस मिलिमीटर एका अंगाला होती. तेव्हापासून स्ट्रेच झाल्यावर मी डिस्ट कमांडने बोअरपासून दोन्ही कडा मोजतो. ड्रॉइंगवर लिहीत नाही, पण मोजतो.

भोसरीतून जरा पेठेत जाऊ. एका ओळखीच्यांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा नकाशा मला संगणकात घ्यायचा होता. हाताने काढलेला, पिवळा पडलेला, मापं फूट-इंचात आणि काही ठिकाणी नुसतंच ‘दोन खण’ असं लिहिलेलं. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा; वाडा मोजायची ती जुनी रीत. नकाशा स्कॅन करून चित्र म्हणून ऑटोकॅडमध्ये टाकलं तर ते कुठल्याच मापाचं नव्हतं आणि थोडं कलतंही होतं.

इथे रोटेट आणि स्केलमधला ‘रेफरन्स’ हा पर्याय कामी येतो, ज्याच्याकडे क्लासमध्ये फारसं कुणी बघत नाही. रोटेट घ्या, भिंतीचा एक कोपरा बेस पॉइंट. कोन विचारला की ‘आर’ दाबा, भिंतीच्या दोन टोकांवर क्लिक करा, आणि नवा कोन शून्य द्या. भिंत किती अंशांनी कलती आहे हे मोजायची गरजच पडली नाही. तुम्ही फक्त म्हणालात, ही जी आहे ती आडवी कर. स्केलचंही तसंच. ओसरीची एक बाजू टेपने मोजली, 12 फूट 6 इंच. एक इंच 25.4 मिलिमीटर, म्हणजे 3810. स्केल, ‘आर’, त्या बाजूच्या दोन टोकांवर क्लिक, मग 3810. अख्खा नकाशा बरोबर त्या मापाचा झाला. गुणक किती होता हे मला आजही माहीत नाही, आणि माहीत असण्याची गरजही नाही.

एक सावधगिरी: हे स्कॅनवर करा, मोबाइलने वाकडा धरून काढलेल्या फोटोवर नको. फोटोत जवळची बाजू मोठी आणि लांबची बारीक येते. एक बाजू 3810 केली तरी समोरची चुकलेलीच राहणार. स्केल सगळ्यांना एकाच आकड्याने गुणतं, फोटोतला वाकडेपणा काढत नाही. खात्रीसाठी दुसऱ्या टोकाची एखादी भिंत टेपने मोजून ताडून पाहा.

मिररबद्दल थोडंसं. कोथरूडच्या एखाद्या मजल्यावर जिन्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच फ्लॅट असतात. एक काढायचा, जिन्याच्या मध्यातून आरशाची रेघ दाखवायची, ‘मूळ पुसू का?’ या प्रश्नाला नाही म्हणायचं. खोल्यांची नावं उलटी झाली तर मिररटेक्स्ट (MIRRTEXT) ही सेटिंग शून्य करा, अक्षरं सरळ राहतील. पण मिररला वास्तुशास्त्र कळत नाही. उत्तर-दक्षिण रेघेभोवती उलटवलात की एका फ्लॅटचं आग्नेयेतलं स्वयंपाकघर दुसऱ्यात नैर्ऋत्येला जातं, आणि गिऱ्हाईक ते पहिल्या मिनिटात ओळखतं. कारखान्यातही हीच चूक जरा महागात पडते. सपाट प्लेट उलटी धरली की तिचा आरसा मिळतो, पण दोन-तीन बाजूंनी वाकवलेला ब्रॅकेट उलटा धरला तरी डाव्याचा उजवा होतोच असं नाही. तो वेगळा पार्ट आहे, त्याला वेगळा नंबर द्या.

ट्रिम (रेघ छाटणं) आणि एक्स्टेंडवर (रेघ वाढवून दुसरीला भिडवणं) फार बोलत नाही. बाहेरची भिंत 230 ने ऑफसेट केली, आतली 150 ने, जिथे त्या एकमेकींत घुसल्या तिथे ट्रिम. जुन्या ऑटोकॅडमध्ये आधी कापणाऱ्या रेघा निवडून एंटर मारायचा आणि मग कापायचं ते दाखवायचं. 2021 च्या आवृत्तीपासून थेट नको असलेल्या तुकड्यावर क्लिक केलं की झालं. जुन्या हाताच्या माणसाला याचा त्रास होतो, कारण सवयीने ‘आधी निवडू’ म्हणून क्लिक केलं की तीच रेघ उडते. ट्रिम चालू असताना शिफ्ट दाबली तर ती एक्स्टेंड होते, आणि एक्स्टेंडमध्ये शिफ्ट दाबली तर ट्रिम. बाकी सरावाने येतं.

त्यापेक्षा फटींकडे या. लेझर कटिंगवाल्याचा फोन येतो, ‘साहेब, तुमचा कंटूर ओपन आहे.’ म्हणजे बाहेरच्या आकारात कुठेतरी दोन टोकं मिळालेली नाहीत. मशीनला आत काय आणि बाहेर काय हे ठरवायला बंद आकार लागतो. अशा कोपऱ्यावर मी फिलेट वापरतो, रेडियस शून्य. गोल करणाऱ्या कमांडला शून्य दिला की ती दोन्ही रेघा वाढवून किंवा छाटून नेमक्या एका बिंदूत आणते. दरवेळी रेडियस बदलायचा कंटाळा असेल तर दुसऱ्या रेघेवर क्लिक करताना शिफ्ट धरा, शून्यच धरलं जातं. मग जॉइन मारून सगळं सलग करा.

उलटा प्रकारही होतो. कॉपी करताना चुकून मूळ जागेवरच क्लिक झालं, एका होलावर तंतोतंत दुसरं होल. डोळ्याला एकच दिसतं, लेझर मात्र तिथे दोनदा फिरतो. फाइल पाठवण्याआधी ओव्हरकिल चालवा, अशी जुळी पुसून टाकतं.

एक्स्प्लोड जपून. ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेल्या रेघांचा गठ्ठा, फोडला तर तो ब्लॉक राहत नाही, पॉलिलाइन फोडली तर सुट्या रेघा. डायमेन्शन फोडलं तर सगळ्यात वाईट: उरतात दोन-चार रेघा आणि एक मुका आकडा. त्यानंतर प्लेट कितीही ताणा, तो आकडा बदलणार नाही. याचाच चुलतभाऊ म्हणजे डायमेन्शनवर डबल क्लिक करून हव्या त्या मापाचा आकडा हाताने लिहिणं. प्लेट 238 ची, वर लिहिलंय 240, घाईत कोण बघतंय? मशीन आकडा वाचत नाही हो, रेघ कापतं. 238 चीच येणार.

आता खुर्ची ओढून बसा आणि ती 200 बाय 150 ची प्लेट काढा. मग तिला स्ट्रेचने 260 बाय 180 करा, कोपऱ्यातली होलं कडांपासून 20 वरच ठेवून. बोअर कुठल्या बाजूला किती सरकवायचा, ते मी सांगत नाही.